तिफणीला चार फण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागं एक लेख आला होता. रोजच्या वापरातल्या वस्तू भलत्याच माध्यमात घडवणाऱ्या शिल्पकारांवर. केसाळ कातड्यानं मढवलेली कपबशी, लाकडात कोरलेला शर्ट, चिनी मातीच्या सूर्यफुलाच्या बिया. मी त्याचं कात्रण काढून ठेवलं. (दोन फोटो नुसते काळे छापले होते, ते असो.) पुढच्या रविवारी एका वाचकाचं पत्र आलं की, दगडाची उशी करून कुणाला झोप लागते, हे रिकामटेकड्यांचे चाळे, इथं मराठवाड्यात प्यायला पाणी नाही आणि तुम्ही असलं काय छापता. त्याला उत्तर लिहायला बसलो होतो. चार ओळींत भागलं असतं. पण तेवढ्यात आमच्या गावात एक चौक सुशोभित झाला आणि पत्र लांबलं. कापायचं तर खुशाल कापा, तिफणीचा, म्हणजे पेरणीच्या औताचा, भाग तेवढा ठेवा.

आधी त्या वाचकबंधूंना. कपबशीचं म्हणाल, तर ती मेरेट ओपनहाइम या बाईंनी 1936 साली केली. बाजारातली साधी कपबशी आणि चमचा आणला आणि वरून हरणाचं केसाळ कातडं चिकटवलं. बस्स, एवढंच. आज ती न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. आता आपण असं करा, डोळे मिटा आणि त्या कपातून चहा प्यायल्याची कल्पना करा. ओठाला केस लागले की नाही? घोटाबरोबर जिभेवर आले की नाही? नव्वद वर्षांपूर्वी कुणी परदेशात एक कप मढवला आणि तुम्हाला परभणीत बसल्या जागी शिसारी येते. याला चाळे म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि पाण्याचं तर तुम्ही मला सांगूच नका. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा आमच्याकडंही तसाच होता. टँकर यायचा पहाटे नाहीतर रात्री, कधी येईल त्याचा भरवसा नाही. घागर रस्त्यावर ठेवून गेलं तर घागर जाते. म्हणून बायांनी घागरीच्या जागी विटा ठेवायला सुरुवात केली. विटेवर कोळशानं नाव. कुणाची वीट, कुणाचा दगड, कुणाची तुटकी चप्पल, एका म्हातारीचा तर फुटका कंदील होता. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रांग, आणि रांगेत एकही माणूस नाही, एकही भांडं नाही. पण कुणी कुणाची वीट पायानं जरी सरकवली तरी डोकी फुटायची वेळ, कारण ती वीट नव्हतीच, ती भरलेली घागर होती. विटेला किती मान असतो हे पंढरीच्या वाटेवरल्या लोकांना वेगळं सांगायला नको. मी त्या रांगेचं रेखाचित्र काढलं होतं. घरच्यांनी विचारलं, ‘ह्या नुसत्या विटा कामून काढल्या?’ मी म्हटलं, ‘नीट बघा, त्यात आपली दुसऱ्या नंबरला आहे.’

माझी ओळख सांगायची राहिली. मी जातीनं सुतार, पेशानं चित्रकलेचा मास्तर. आमच्या खेड्यात वडलांचं, म्हणजे अण्णांचं, सुतारमेट होतं. गावाची औतं भरायची, मोडकी जोडायची, खळ्यावर जाऊन बलुत्याची ज्वारी आणायची. मी त्यातून सुटलो, तेव्हाच्या औरंगाबादला ए. टी. डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, केली आणि एका शाळेत एकतीस वर्षं मुलांना तांब्या काढायला शिकवला. तांब्या सोपा समजू नये. पितळेचा तांब्या आणि मातीचं मडकं यांची बाह्यरेषा एक वेळ सारखी येईल, पण उजेड एकावर घसरतो आणि दुसऱ्यात मुरतो. हे कळायला मुलांना दोन वर्षं लागतात. काहींना लागतच नाहीत, काहींना कळतच नाही.

1986 साली शाळेची सहल वेरूळला गेली. एसटीत एक जागा रिकामी होती, अण्णांना घेतलं. त्यांनी तोवर वेरूळ बघितलं नव्हतं. कैलास लेणं बघून ते ‘हां, मोठं आहे’ एवढंच म्हणाले. पोरं हिरमुसली, त्यांना वाटलं होतं म्हातारा हबकेल. मग दहा नंबरला गेलो. ती वेरूळच्या बौद्ध लेण्यांतली एकुलती एक चैत्यशाळा, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, सातव्या शतकाच्या आसपासची. तिथले लोक तिला ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. आत स्तूपापुढं बसलेली बुद्धमूर्ती आहे, पण पूर्वी लांबलांबचे सुतार तिला विश्वकर्मा समजून हात जोडायला येत, म्हणून लेण्याचं नावही विश्वकर्मा लेणं. कारण सगळं छतात आहे. वर कमानीसारखे वळलेले वासे, एकाला लागून एक, ओळीनं, थेट मागच्या गोलापर्यंत. लाकडी घराचं छत असावं तसं. आणि सगळं दगडाचं. डोंगरातच कोरून काढलेलं.

अण्णांनी टोपी काढली, उपरणं खाली अंथरलं आणि उताणे झोपले. पहारेकरी ओरडला, मी त्याला समजावलं. दहा मिनिटं ते तसेच पडून होते. पोरं बुद्धापुढं आवाज घुमवून बघत होती, त्यांना शांत बसवता बसवता मी घामाघूम. अण्णा उठले आणि म्हणाले, ‘खिळा नाही, खुंटी नाही, वाशांवर भार नाही. काढून टाकले तरी छत पडायचं नाही. तरी एका वाशाचं अंतर चुकलेलं नाही.’ मग थोड्या वेळानं: ‘ह्यानं आधी लाकडाचं घर बांधलंय. दगडाला हात नंतर लावलाय.’

मी त्यांना पुस्तकातलं सांगितलं. भाजे-कार्ल्याच्या जुन्या लेण्यांत दगडी छताला खरोखरीचे लाकडी वासे बसवले होते, कार्ल्याचे तर दोन हजार वर्षं झाली तरी अजून जागेवर आहेत. लाकडी इमारतींची सवय सुटेना म्हणून दगडातही लाकूड घातलेलं. पुढं अजिंठ्याच्या 19 आणि 26 नंबरात, आणि इथं, वासेसुद्धा दगडाचेच कोरले. अण्णांनी ऐकून घेतलं. त्यांना त्यात नवीन काही वाटलं नाही, त्यांनी ते उताणं झोपून आधीच काढलं होतं. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथं घराचा डोंगर झाला तरी वासे जागचे हलले नव्हते.

आता चौकाकडं येतो.

आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडच्या पुढं तिठा आहे, तिथं यंदा हिवाळ्यात सुशोभीकरण झालं. कुणी केलं, पैसा कुठला, टक्केवारी किती, यात मला पडायचं नाही. गोल कठडा, हिरवळ (आता पिवळी), रात्रीचे रंगीत दिवे आणि मधे ‘ग्रामीण संस्कृती’. म्हणजे पेरणी करणारा शेतकरी, बैलजोडी आणि तिफण, बाजूला जात्यावर बसलेली बाई. सगळं फायबरचं, वरून सोनेरी रंग. कारंजंही आहे. पाणी नाही, पण कारंजं आहे.

मी फायबरच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याला जुनं तेवढं सोनं. फायबरचं काम मी जवळून बघितलंय. आधी मातीचं मॉडेल करायचं, त्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा, साच्यात आतून जेलकोट मारायचा, त्यावर काचतंतूची मॅट अंथरून रेझिन आणि हार्डनर. वाळलं की दोन्ही भाग काढून जोडायचे, सांध्यात पुट्टी, घासकाम, रंग. हलकं होतं, पावसात कुजत नाही. वाईट काय त्यात? पण या सगळ्यात पहिली पायरी मातीची आहे, आणि त्या मातीला हात लावणाऱ्यानं तिफण बघितली असली पाहिजे.

चौकातल्या तिफणीला चार फण आहेत.

परत वाचा. तिफणीला. चार. तिफण म्हणजेच तीन फणांची, जमिनीत तीन ओळी पाडणारी. खाली पितळी पाटी आहे, तीवर ठसठशीत ‘तिफण’ लिहिलंय. चार फणांचं औत नसतं असं मी म्हणत नाही, असतं, पण त्याला आमच्याकडं कुणी तिफण म्हणत नाही. कुणी हुशार म्हणेल, गुरुजी, चौथी म्हणजे मोघण असेल. नाही. मोघण म्हणजे सुटी नळी, औताच्या मागं दोरीनं बांधलेली. तिच्यातून मागनं चालणारी बाई तुरीचं बी सोडत जाते. ती फणांच्या रांगेत दिंडाला, म्हणजे आडव्या ओंडक्याला, बसवलेली नसते. इथं चारही फण एका दिंडाला, सारख्या अंतरावर, एकदम देखणे. मूर्तिकारानं समतोल साधलाय. इकडं दोन, तिकडं दोन.

वरचं चाडं बघायला मी कठड्यावर चढलो. (वयाला शोभलं नाही. एका माजी विद्यार्थ्यानं खाली उतरवलं, तो आता पोलिसात आहे.) चाडं म्हणजे बी सोडायचं लाकडी वाडगं. त्याच्या तळाला तीन भोकं असतात, एकेका भोकातून वेळूचा एकेक नळा फणाच्या मागं जमिनीपर्यंत जातो. अण्णा ती भोकं गिरमिटानं पाडायचे आणि मग तापलेल्या सळईनं त्यांच्या कडा पोळून घ्यायचे, म्हणजे बी अडकत नाही. मग मूठभर ज्वारी घेऊन, चाडं हातात धरून, वरून सोडत बसायचे आणि खाली तीन ढीग पडायचे ते डोळ्यांनी तोलायचे. एक ढीग कमी दिसला की परत गिरमिट. कारण भोक लहान राहिलं तर पेरणीच्या दिवशी कळत नाही, आठ दिवसांनी कळतं. दोन तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, उगवतात, तिसरा मोकळा. आणि मग गावभर सुताराचं नाव निघतं. चाड्यावर मूठ धरायला घरातलं हलक्या हाताचं माणूस लागतं, त्याच्या मुठीतून धार सुटली पाहिजे, ढेकूळ नाही.

चौकातल्या चाड्याला भोकंच नाहीत. ते भरीव आहे. शेतकरी मूठ वर धरून हसतोय, बी कुठं चाललंय देव जाणे.

बैलांचं सांगायला मला लाज वाटते. जू वशिंडाच्या मागं ठेवलंय. म्हणजे बैलाच्या पाठीवर. ज्यानं आयुष्यात एकदा जरी बैलगाडी बघितली असेल त्याला हे दिसायला हवं. जू मानेवर, वशिंडाच्या पुढं, वशिंडाला टेकतं, बैल ओढतो ते त्याच्या जोरावर. मागं ठेवलं तर बैल पुढं निघून जाईल आणि औत मागं राहील. पोळ्याला कुंभार मातीचे बैल विकायला आणतो, बोटभर, शिंगं वेडीवाकडी, पाय चार काड्यांसारखे. पण वशिंड कुठं असतं हे तो कधी विसरत नाही. दोन चिमटीत काढतो आणि बरोबर जागी काढतो.

जात्याचा खुंटा मधोमध आहे. त्यावर जास्त लिहीत नाही. ज्यांच्या आईनं जातं ओढलंय त्यांना कळेल की मधल्या तोंडात वैरण, म्हणजे मुठीनं दाणे, घालतात, तिथं खुंटा बसवला तर दाणे कुठून टाकणार आणि दळणार काय. घरातल्या घरात हे वाचून दाखवलं तर आमच्या मंडळी म्हणाल्या, ‘त्या बाईला तरी विचारायचं होतं, ती बसलीच आहे तिथं.’

मी चौकशी केली. काम चालू असताना तिथं एक मुलगा रंग मारत होता, बोलायला चांगला. म्हटलं, बाबा, हे मॉडेल कशावरून केलंस? म्हणाला, साहेबांनी नेटवरचा फोटो दिला होता, त्यात बैलाच्या मागचं नीट दिसत नव्हतं. म्हटलं, इथनं तीन किलोमीटरवर खेडं आहे, कुणाच्याही गोठ्याच्या आढ्याला जुनी तिफण टांगलेली सापडेल, जाऊन यायचं. म्हणाला, आजोबा, मुदत पंधरा दिवसांची. त्याच्यावर माझा राग नाही. त्यानं जे दिलं ते केलं, आणि शेतकऱ्याच्या तळहाताच्या रेघा मात्र सुरेख काढल्यात, त्या त्याला बघायला मिळाल्या होत्या, स्वतःच्याच.

मी हे सोडूनही दिलं असतं. चौकात काय चुकलंय याची यादी करत बसायचं वय नाही. पण रविवारी सकाळी घरी आठ-दहा मुलं येतात, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी करायला, फी घेत नाही. मागच्या पंधरवड्यात स्मरणचित्राला ‘पेरणी’ विषय दिला. आठवीतल्या एका मुलीनं फार छान काढलं, ढग, ओली जमीन, बगळे, सगळं. जू वशिंडाच्या मागं. फण चार. मी म्हटलं, अगं, हे असं नसतं. ती म्हणाली, ‘असतं सर, चौकात तसंच आहे.’

तिचे आजोबा शेतकरी, बाप शेतकरी. पण त्यांच्याकडं आता सोयाबीन, पेरणी ट्रॅक्टरनं. बैल तिच्या जन्माआधीच विकले. तिनं बघितलेली एकमेव तिफण ही सोनेरी आहे. मी काय उत्तर देणार? कागदावर जू पुढं ओढून दाखवलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की सरांचं आता वय झालं.

म्हणून त्या वाचकबंधूंना परत सांगतो, तुमचा राग दगडाच्या उशीवर चुकून निघालाय. वस्तू भलत्या माध्यमात करणं हा गुन्हा नाही. उलट माध्यम बदललं की ती वस्तू करणाऱ्याला पहिल्यापासून नव्यानं शिकावी लागते. आय वेवे या चिनी कलावंतानं 2010 साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया ओतल्या, चिनी मातीच्या, भाजलेल्या, एकेकीवर हातानं काळे पट्टे ओढलेल्या. चिंगदेचन या कुंभारांच्या गावात सोळाशे कारागीर त्याला दोन वर्षांहून जास्त लागले होते. लोकांना त्यावरून चालायला सोडलं होतं, पण धूळ उडायला लागली म्हणून थोड्या दिवसांत बंद करावं लागलं. आमच्याकडं करडई-सूर्यफुलाची रास ज्यांनी खळ्यावर पायानं पसरली आहे त्यांना ती धूळ कशी नाकात जाते ते विचारा. मी फोटो मोठा करून बघितला. एकाही दोन बियांचे पट्टे सारखे नाहीत. खऱ्या बियांचेही नसतात.

क्लेस ओल्डेनबर्गनं फिलाडेल्फियात 1976 साली धुणं वाळत घालायचा चिमटा उभा केला, पंचेचाळीस फूट उंच, पोलादाचा. चिमटा! तो बघताना मला हसू आलं, मग आमच्या दोरीवरचा एक काढून शेजारी धरला. स्प्रिंगचा वेढा जिथं हवा तिथंच, दोन पट्ट्या जिथं फाकायला हव्या तिथंच फाकलेल्या. एवढा मोठा केला तरी चिमटा चिमटाच राहिला. आणि तैपेईच्या राष्ट्रीय संग्रहालयात जेड दगडातली कोबी आहे, चिनी कोबी, वीतभराहून लहान. दगडाचा पांढरा भाग देठाला आणि हिरवा पानांना. पानावर दोन किडे बसवलेत. भाजीवाला तो गड्डा बघून ‘कीड लागलीय, निम्म्या भावात घ्या’ म्हणेल, इतका खरा.

पण मला एवढ्या लांब जायची गरज नाही. आमच्या घरी महालक्ष्म्यांना फुलोरा असायचा. आई कणकेची वेणी, फणी, आरसा, कुंकवाचा करंडा करायची, तळायची आणि दोऱ्यात ओवून महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायची. सवाष्णीचा सगळा साज, गव्हाचा. फणीचं तिचं तंत्र होतं. पहिल्या वर्षी, नवी नवरी असताना, तिनं खऱ्या फणीएवढे दात सुरीनं कापले. तेलात सोडल्यावर ते फुगले, एकमेकांना चिकटले आणि फणीची झाली जाड पुरी. आजी काही बोलली नाही, पण ती फणी टांगलीही नाही. पुढच्या वर्षीपासून आई एक दात ठेवायची, एक उडवायची. कच्ची फणी बघितली तर बोळक्या तोंडासारखी दिसायची. तेलातून वर आली की बरोबर फणी. ही गोष्ट तिला कुणी शिकवली नव्हती. तिला फणी माहीत होती आणि तेल माहीत होतं. तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या की फुलोरा पोरांत वाटायचे. मला दरवर्षी आरसा मिळायचा, तो सगळ्यात कडक असायचा.

बहिणीच्या लग्नात रुखवतात सुपारीचे भटजी आणि बिस्किटांची रेल्वे होती, डबे मोजून नऊ. संक्रांतीला हलव्याची बोरमाळ घालून सुनेला मखरात बसवतात, गळ्याला मुंग्या लागतील म्हणून सासू शेजारी पदर घेऊन. आता रुखवत भाड्यानं मिळतं. थर्माकोलची विहीर, तिला प्लास्टिकचा रहाट, तो फिरत नाही. संध्याकाळी टेम्पो येऊन परत नेतो. तेही असो.

चौकाबद्दल मी अर्ज दिला होता. उत्तर तोंडी आलं, की ‘कलाकृती प्रतीकात्मक आहे’. प्रतीकात्मक असेल तर पाटी बदला, ‘प्रतीकात्मक औत’ लिहा, माझी हरकत नाही. पण मला वाटतं, दुरुस्तीला फार खर्च येणार नाही. चौथा फण पायाशी कापून काढायचा आणि उरलेल्या तिघांत अंतर सारखं करायचं, फायबर कापता येतं, सांधता येतं. चाड्याला ड्रिलनं तीन भोकं पाडायची, त्यातून नळे खाली आणायचे. जू काढून पुढं ठेवायचं, त्यासाठी मान थोडी भरावी लागेल, पुट्टी पुरेल. जात्याचा खुंटा मधून काढून कडेला. रंग मारणारा तो मुलगा हे दोन दिवसांत करेल, त्याला पुढ्यात वस्तू द्या म्हणजे झालं.

वस्तू मी देतो. अण्णांच्या हातचं शेवटचं चाडं आमच्या घरी आहे, सागवानी, 1979 सालचं. भोकांच्या कडा अजून काळ्या आहेत. ज्या शेतकऱ्यासाठी केलं त्यानं त्याच वर्षी जमीन विकली, म्हणून ते आमच्याकडंच राहिलं, एकदाही शेतात गेलं नाही. संबंधितांनी घरी यावं, माप घ्यावं, चहा घ्यावा, फोटो काढावेत. न्यायचं असेल तर न्यावं, पण सही करून न्यावं आणि आठ दिवसांत परत आणून द्यावं. आमच्याकडं त्यात लसूण ठेवतात.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
परभणी जिल्हा

(नाव छापू नये. रोज सकाळी दूध आणायला त्याच चौकातून जावं लागतं.)